रिकाम्या पेठेतला सिनेमा

मार्गशीर्ष लागला की माझा मुलगा घराचं काहीतरी काढतोच. यंदा त्यानं छपराला हात घातला. राजारामपुरीतल्या आमच्या या घरावर वरचा मजला चढवायचाय, म्हणून परवा गवंड्यांनी माजघरावरची कौलं उतरवली. वर नुसते वासे आणि रीपा राहिल्या. सकाळी नऊच्या सुमारास ऊन आत आलं आणि फरशीवर, देवाच्या फळीवर, माझ्या मांडीवरच्या परातीत काळे-पांढरे पट्टे पडले. सून म्हणाली, "आई, बघा तरी किती छान दिसतंय!" मी परात खाली ठेवली आणि अनवाणीच रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पासष्टीची बाई, हाताला पीठ, पायात काही नाही. रिक्षावाले बघत होते. पण मला काही केल्या आत जाववेना.

मी भित्री नाही असं मी सगळ्यांना सांगत असते. पालीला भीत नाही, जावयाला भीत नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही. पण छपराविना घरात ऊन पडलं की त्या घरातलं कुणीतरी गेलेलं असतं, हे माझ्या हाडात बसलंय. ते कसं बसलं ते सुनेला सांगायला लागले आणि मधेच थांबले. काही गोष्टी तोंडानं सांगता येत नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलंय.

महाराजांच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं होती ती. तेव्हा कोल्हापुरात काही हिवाळे थंडीचे असत आणि काही प्लेगाचे. प्लेगाचा हिवाळा आधी उंदरांना कळायचा. फळीवरून, आढ्यावरून ते टपकन खाली पडायचे आणि दोन वेळा गरगरून निपचित व्हायचे. एखाद्या घरात उंदीर पडला की सबंध गल्लीचा आवाज खाली येई. चार दिवसांत पेठ उठायची. लोक भांडीकुंडी, जाती, कोंबड्या, म्हातारीकोतारी गाड्यांवर घालून माळावर जात आणि तट्ट्याच्या झोपड्या टाकून राहत. आज राजारामपुरीत जिथे दवाखाने नि शिकवण्यांच्या पाट्या आहेत, तिथेच कुठेतरी आमची झोपडी होती. तेव्हा इथे नुसता माळ होता, आणि कडेला शाळवाची शेतं.

ज्या घरात माणूस दगावे त्या घराची कौलं सरकारी माणसं येऊन उतरवीत. त्यांना आम्ही सरळ प्लेगवालेच म्हणायचो. ऊन आत गेलं की रोग मरतो, असा हिशेब. मग फिनेल शिंपायचं, घर महिनाभर उन्हात उघडं ठेवायचं आणि शेवटी आतून-बाहेरून चुना मारायचा. पेठेकडे पाहिलं की दातपडक्या तोंडासारखी दिसायची. इतकी घरं शाबूत, इतकी उघडी. उघडी कुणाची ते सगळ्यांना पाठ असे.

या घरांना कुलपं असत, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या आमच्या झोपडीत असत. माझे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. त्यांच्या वडिलांपासून पेठेची एक रीत पडली होती. गाव उठताना जो तो आपल्या घराची किल्ली यांच्याकडे देऊन जाई, म्हणजे प्लेगवाले आले की यांनी घर उघडून द्यावं, काम झालं की पुन्हा लावावं. साठ-सत्तर किल्ल्या होत्या. प्रत्येकीला वेगळी चिंधी. कुणी काही लिहून घेत नसे. "दत्तोबा, घर तुझ्यावर," एवढं म्हणायचे आणि गाडी हाकायचे. झोपडीच्या मेढीला तो जुडगा लटकलेला असे आणि वारा आला की किणकिणे. आमच्याकडे शेत नव्हतं, घरही भाड्याचं होतं. तो जुडगा हीच आमची पेठेतली पत.

मी सांगतेय त्या हिवाळ्यात पहिलं घर उघडं झालं ते आक्कांचं. आमच्यापासून तिसरं. आक्का विधवा, तोंडाच्या फटकळ, आणि त्यांना एकच लेक, गंगू. चौदा वर्षांची. या गंगूला पैलवानांचं भारी वेड. मुलीच्या जातीला तालमीत कोण जाऊ देणार? ती आपली माळवदावर पालथी पडून तालमीच्या झरोक्यातून कुस्त्या बघायची आणि घरी येऊन चुलीतल्या कोळशानं भिंतीवर पैलवान काढायची. आक्का ओरडायच्या, "भित हाय का पाटी गं? सासू काय म्हनंल तुजी?" पोरगी हसायची आणि आणखी एकाला मिशा काढायची. तिला काखेत गाठ आली. तिसऱ्या दिवशी संपली. आक्कांना माणसांनी धरून माळावर आणलं. त्या घरात परत काही पाऊल टाकू दिलं नाही.

अशात एका दुपारी शेखभाई आमच्या झोपडीशी आले. शेखभाईंचं गावात फोटो काढायचं दुकान होतं आणि नाटकवाल्यांचे पडदेही ते रंगवायचे. माणूस गोड, डोक्यात मात्र एकच भुंगा. सिनेमा काढायचा. कुठूनतरी हातानं फिरवायचा एक जुना लाकडी कॅमेरा त्यांनी पैदा केला होता. यांच्यासमोर उकिडवे बसून ते म्हणाले, "दत्तोबा, मोठ्या कंपन्या द्येवादिकांचं सिनेमं काढत्यात. त्येंच्याकडं म्हाल हायत, हत्ती हायत. माज्याकडं काय हाय? रिकामं गाव हाय."

"मग?" हे म्हणाले.

"मग चोराचा सिनेमा काढू या की. रिकाम्या गावात शिरल्याला चोर. घराच्या आत ऊन कुटं मिळतंय सांग? इजेचं दिवं काय आपल्याला परवडत न्हाईत. हितं तर छप्परच काढून ठेवलंय. निम्मी सोय झालीया."

"आन् चोर कोन हुनार?"

"तू की. डोळं मिटून कुलूप उघडनारा दुसरा हाय का कोन गावात?"

मी चुलीपाशी होते. मी तिथूनच म्हटलं, न्हाय म्हंजे न्हाय. मला तिसरा महिना होता. आज वर मजला चढवणारा मुलगा तो तेव्हा पोटात. हे माझ्याकडे बघून हसले. वीस वर्षं ज्यानं कुलपांच्या भोकांत डोकावण्यापलीकडे काही केलं नाही, त्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की तुझं तोंड चार हात मोठं होऊन पडद्यावर दिसेल. ते हो म्हणाले. घरमालकांना विचारायचं का, असं मी म्हटलं तर म्हणाले, "मानसं चौकडं पांगल्यात, कुनाकुनाला हुडकू? आन् आपन काय न्हेनार हाय तितलं? उलट घरावर नजर ऱ्हाईल." हे त्यांना मनापासून खरं वाटत होतं. मलाही पटलं. चूक झाली ती इथेच झाली, आणि त्या वेळी ती चूक वाटलीसुद्धा नाही.

सिनेमाचं नाव होतं 'कडी-कोयंडा'. गोष्ट अगदी एवढीशी. गाव उठलेलं. एक चोर एकेक घर उघडत जातो. शेवटच्या घरात एक म्हातारी मागं राहिलेली असते. चोर आत जातो, मग बाहेर येतो, आणि म्हातारी मेलेली असते. तिला त्यानं मारलं की ती आपोआप गेली, हे शेखभाईंनी दाखवलंच नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला बी म्हाईत न्हाय वैनी." म्हातारीचं काम मंडईतल्या पानवाल्यानं केलं, कारण बाई मिळणं शक्यच नव्हतं. आता तो पट्ठ्या मिशी काढायला तयार होईना. शेवटी म्हातारी भिंतीकडे तोंड करून मेली. पुढे गावातले शिकलेले लोक म्हणाले की म्हातारीचं तोंड दाखवलं नाही यात मोठी खुबी आहे.

मी एकदाच गेले होते बघायला. भाकरी पोचवायचं निमित्त करून. रिकामी पेठ मी तोवर आतून पाहिली नव्हती, आणि पुन्हा पाहायची वेळ येऊ नये. माणसं नसली की गावात काय उरतं? कबुतरं उरतात. दाराला दार आपटल्याचा आवाज उरतो. फिनेलचा वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास. अंबाबाईच्या देवळातली घंटा वाजली तर ती इतकी जवळ ऐकू आली की मी दचकून भिंतीला टेकले आणि लगेच भिंतीपासून लांब झाले, की बाई, या भिंतीला काय लागलं असेल! आक्कांच्या घराचं दार उघडं होतं. आत हे उभे होते. वरच्या रीपांतून ऊन आलेलं, त्याचे पट्टे यांच्या तोंडावर, छातीवर, हातातल्या तारेवर. यांचं निम्मं तोंड दिसत होतं आणि निम्मं नव्हतं. पाठीमागे भिंतीवर गंगूचे पैलवान. नऊ होते, मी मोजले. शेखभाई कॅमेऱ्याचा दांडा फिरवत तोंडानं आकडे म्हणत होते. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि, खरं सांगते, त्या क्षणी तो माझा नवरा नव्हताच. तो त्या घरात शिरलेला कुणीतरी होता.

दिवस कलला की हे माळावर परत यायचे. कपडे लांब बाभळीवर टाकायचे, मी कडुलिंबाचं पाणी तापवून ठेवलेलं असायचं त्यानं अंघोळ करायचे, आणि मग झोपडीच्या आडोशाला हात वर करून उभे राहायचे. मी त्यांच्या दोन्ही काखांत बोटं घालून चाचपायची. गाठ आहे का. जांघेतली त्यांनी स्वतः बघायची.  मला हसवायला ते मुद्दाम म्हणायचे, "गुदगुल्या करालीस व्हय गं?" मला हसू यायचं नाही. रोज नाही सापडली की देवाला हात जोडायचे आणि दुसऱ्या दिवशीची भीती लगेच सुरू व्हायची. असे एकवीस दिवस. नवऱ्याच्या अंगाला हात लावण्याची भीती वाटणं ही काय चीज आहे, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

माझा नातू कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तो कसलासा चोर-पोलिसांचा सिनेमा बघून आला. म्हणाला, "आजी, अर्धे लोक शिट्ट्या वाजवत होते आणि अर्धे उठून गेले. सगळा अंधार, सगळं तिरकं. काही कळलं नाही, पण भारी होता." मी म्हटलं, असा सिनेमा मी तुझ्या जन्माआधी बघितलाय, आणि त्यात तुझे आजोबा चोर होते. तो हसत सुटला. त्याला वाटलं म्हातारी थापा मारतेय. मीही पुढे काही बोलले नाही. भिंतीवरच्या फोटोतले त्याचे आजोबा टोपी घालून, मान ताठ करून बसलेत. त्या माणसाला चोर कोण म्हणेल?

चैत्रात पेठ परत भरली. किल्ल्या ज्याच्या त्याला गेल्या. उघड्या घरांवर कौलं चढली, भिंती चुन्यानं पांढऱ्याफेक झाल्या. आक्कांच्या भिंतीवरचे पैलवान चुन्याखाली गेले. आणि मैदानातल्या तंबूत 'कडी-कोयंडा' लागला.

तेव्हाच्या सिनेमाला आवाज नव्हता. मधून मधून लिहिलेल्या पाट्या यायच्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक माणूस पडद्याजवळ उभा राहून त्या मोठ्यानं वाचायचा. पुरुषांचा खेळ संध्याकाळी असे. बायकांचा वेगळा, शुक्रवारी दुपारी, तंबूचे पडदे घट्ट बांधून. बायकांच्या खेळाला वाचायला पुरुष कसा चालेल? पेठेत वाचणारी बाई मी एकटी, मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली. शेखभाई म्हणाले, "वैनी, तुमीच वाचा." सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी पडद्याशेजारी स्टुलावर बसले.

आदल्या दिवशी पुरुषांचा पहिला खेळ झाला होता आणि तिथे काय घडलं ते मला ठाऊक होतं. लोकांनी आपली घरं ओळखली होती. आपली दारं, आपल्या कड्या, आपले कोनाडे. आणि त्या दारांच्या किल्ल्या ज्याला विश्वासानं दिल्या तो दत्तोबा पडद्यावर त्यांचीच घरं उघडून त्यांच्याच पेट्या उपसत होता. अर्धे लोक खूश. "आरं माजं घर शिनेमात आलं की!" म्हणून नाचणारे. अर्ध्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. हिवाळ्यानंतर कुणाची ना कुणाची घागर, कुणाचा तवा सापडत नाहीच, ते दरवर्षीचं. यंदा सगळ्यांना एकदम त्याचं कारण सापडलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दुपारी वाचायला बसले. पहिली पाटी आली, 'चोराने दार उघडले.' माझ्यासमोर शंभर बायका, त्यांतल्या निम्म्या माझ्या गल्लीतल्या, आणि पडद्यावर माझा नवरा. मी वाचलं, "घरधनी परत आला." तोंडातून असं निघून गेलं. मग मागे फिरता येईना. पुढची पाटी होती, 'ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर कोणी विसंबावे?' मी वाचलं, "ज्याच्या हाती किल्ली, तोच घराचा राखणदार." म्हातारी मेली तिथे 'खून!' असं मोठ्या अक्षरांत होतं. मी वाचलं, "आई गेली."  एका सिनेमाचे मी दोन सिनेमे केले. नवऱ्यांनी चोराचा पाहिला आणि बायकांना मी घरी परतलेल्या मुलाचा दाखवत होते.

पण थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं, माझं कुणी ऐकतच नाहीये. "ती बघ आमची फळी!" "आगं, पाळन्याची कडी हाय आजून!" "हळदीचं हात बघ, सुनंच्या गृहप्रवेशाचं!" ज्या घरांची कौलं उतरली होती ती सगळी गेलेल्यांची घरं. त्यांच्या भिंती आता चुन्याखाली गेल्या होत्या, आणि इथे त्या जशाच्या तशा होत्या. डाग, खिळे, हात. बायका चोराकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. मी भीतीपोटी इतकं खोटं वाचलं, ते कुणाच्या कानापर्यंत पोचलंसुद्धा नाही.

आक्का पुढच्याच रांगेत होत्या. त्यांचं घर आलं तेव्हा त्या काही ओरडल्या नाहीत. हळूच उठून उभ्या राहिल्या, इतकंच. मागच्या बायका बसा बसा म्हणाल्या, तरी त्या उभ्याच. नऊ पैलवान आले आणि गेले. खेळ सुटल्यावर मला म्हणाल्या, "फुडल्या शुक्रवारी हाय न्हवं?"

"हाय की."

"मी येतो." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. चार शुक्रवार आक्का आल्या. हातात बसायला एक पटकूर, पुढची रांग, आणि आपलं घर आलं की उभं राहणं. बाकी सिनेमा त्या डोळे मिटून बसत.

गावात तेव्हा घराघरात या सिनेमावरून भांडणं होती. नवरा म्हणायचा, थोतांड आहे, पट्टे बघून डोकं दुखतं, चोराला फाशी सुद्धा दिली नाही. बायको म्हणायची, मला परत बघायचाय. पाचव्या गुरुवारी, ऊन उतरल्यावर, तालमीतली चार जाणती माणसं आमच्या दारात आली. त्यांतले वस्ताद बोलले. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "दत्तोबा, आमी घर तुज्यावर टाकलं. तू इचारल्याबिगर चार लोकं आत घिऊन गेलास. उंद्या ही फीत दुसऱ्या गावात जाईल, आमच्या बायकांच्या हातरुनाच्या जागा परकी लोकं बगतील. फीत जाळून टाका. न्हाईतर फुडं कुनी तुला किल्ली देनार न्हाय, आन् तू बी पेठ सोड. उंद्या सांजपतोर."

हे म्हणाले, "चुकलं माजं, वस्ताद. पाया पडतो. पन फीत माजी न्हाय, शेखभाईची हाय. त्येला जाळ म्हनायला माजी जीब रेटत न्हाय." ती माणसं गेली. हे उंबऱ्यात बसून राहिले. मी म्हटलं, जाऊन सांगा त्यांना. ते म्हणाले, "न्हाय. पेठ सोडू." आठव्या महिन्यात मी कुठे जायचं, कोण घर देणार चोराला? 

शुक्रवारी सकाळी मी देवळात जाते सांगून शेखभाईंच्या दुकानात गेले. दारात त्यांच्या दोन मुली जिबल्या खेळत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "शेखभाई, ती फीत जाळा." वस्तादांचं सगळं सांगितलं. ते फितीच्या डब्यावर हात ठेवून ऐकत राहिले. जिच्यावरून दुसरी निघते ती मूळ फीतही त्याच डब्यात होती; आणखी प्रत कुठेच नव्हती.

"वैनी," ते म्हणाले, "आक्का येत्यात की बगायला."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मला पेठ सोडायची न्हाय." यापेक्षा शहाणं काही मला सुचलं नाही. मला भीती वाटत होती, त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी विचारलं, दत्तोबाला ठाऊक आहे का. मी म्हटलं, "न्हाय. आन् कुनालाच कळू द्यू नगासा, म्या सांगितलं म्हनून." शेखभाईंनी बराच वेळ पोरींचा खेळ पाहिला. मग म्हणाले, "बरं."

मैदानात, तंबूच्या पुढे, दुपारी बाराला त्यांनी ती पेटवली. वस्ताद आणि बाकीचे तिघं बघायला होते. मी पाट्या वाचणारी, म्हणून मलाही यावं लागलं, किंवा मला राहवलं नाही. अशी फीत कशी जळते ते तुम्ही पाहिलंय? कागदासारखी नाही, लाकडासारखी नाही. काडी लागली आणि सगळं एकदम गेलं. पांढरा जाळ, कडवट धूर, आणि डब्याचा तळ दिसायला लागला. एकवीस दिवसांचं काम होतं. वस्ताद "झालं" म्हणाले आणि निघाले.

तीनच्या खेळाला बायका येऊ लागल्या. आक्का आल्या, हातात पटकूर. डबा अजून धुमसत होता. त्यांनी डब्याकडे पाहिलं, बांधलेल्या तंबूकडे पाहिलं.

"आज खेळ न्हाय?"

 मग त्या माझ्याकडे वळल्या. चार आठवडे पडद्यावरचं सगळं मीच सांगत आले होते, तेव्हा हेही मीच सांगणार. "तू सांग. कुनी पेटिवलं ह्ये?"

"शेखभाईंनी," मी म्हटलं.

"कुनाच्या सांगन्यावरनं?"

तालमीचं नाव घेतलं असतं तर आक्का सरळ तालमीत जाऊन उभ्या राहिल्या असत्या. मग पुन्हा किल्ल्या निघाल्या असत्या, पुन्हा दत्तोबा, पुन्हा चोर. माझं नाव घेतलं असतं तर काय झालं असतं याचा विचारसुद्धा मी केला नाही. मी म्हटलं, "त्येंचं त्येंनाच वाटलं."

शेखभाई चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एकदा पोटाकडे.

"व्हय आक्का," ते म्हणाले. "मलाच आवडला न्हाय माजा शिनेमा. बरा जमला नव्हता."

"बरा नव्हता?" आक्का म्हणाल्या. त्यांना ते खरंच कळेना. "आरं, त्येच्यात माजी पोर हुती."

 आक्का आणखी काहीबाही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पटकुराची घडी केली आणि गेल्या. शेखभाईंशी त्या मरेपर्यंत बोलल्या नाहीत. समोरून आले तर पदर ओढून घेत. शेखभाईंनी पुन्हा सिनेमा काढला नाही. कॅमेरा दुकानात कोपऱ्यात होता, त्यावर मुली ओढण्या वाळत घालत. भेटले की मला विचारत, "वैनी, पोरगं बरं हाय न्हवं?" आणि मी बरं हाय म्हणे. यांना काही कळलं नाही. हे शेवटपर्यंत म्हणत, शेखभाई मोठा माणूस, मी न सांगता माझ्यासाठी एवढं केलं.

आता दोघंही नाहीत, आक्काही नाहीत. भीती मात्र आहे. ती प्लेगाची नाही, प्लेग केव्हाच गेला. आपण घाबरलो की कुणाच्या अंगावर काय ढकलू, याची ती भीती आहे. ती मला माझीच वाटते.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उंदीर पडले. गाड्या भरायला लागल्या, आणि मला धाकधूक, की एक तरी किल्ली येते की नाही. मुलगा मांडीवर होता. पहिल्या आल्या त्या आक्काच. किल्लीला नवी, निळी चिंधी बांधलेली.

"दत्तोबा कुटं हाय? न्हाय? मग तूच घे," त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. "गावात इस्वासाची मानसं म्हनशील तर तुमी दोगंच ऱ्हायलाईसा बाई."

मी किल्ली घेतली.